पदवीधर-रोजगार मापन

सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या महाविद्यालयांतील शिक्षण पदवीधरांना नोकरी-व्यवसायात कितपत उपयोगी पडते, हे ठरवण्याची पद्धती. महाविद्यालयांच्या कामगिरीशी निधिवाटपाची सांगड अमेरिकेतील टेनेसी राज्याने प्रथम घातली, असे सामान्यतः मानले जाते. तिचे वर्ष १९७९ देतात. प्रायोगिक प्रकल्प मात्र त्याआधी काही वर्षे चालू होते.

मापनाचा सर्वाधिक घोळ छेदात होतो. समजा, १०० जण उत्तीर्ण झाले, २० जण पुढील शिक्षणाला गेले, ६० जणांनी प्लेसमेंट कक्षात नाव नोंदवले आणि त्यांतील ४५ जणांना नोकरी लागली. छेद ६० धरल्यास प्रमाण ७५ टक्के, ८० धरल्यास सुमारे ५६ टक्के आणि १०० धरल्यास ४५ टक्के येते. म्हणून छेद न सांगता दिलेला आकडा तुलनेस निरुपयोगी ठरतो. नोकरीची व्याख्याही तितकीच निर्णायक आहे: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषानुसार संदर्भ-आठवड्यात एक तास मोबदल्याचे काम केलेली व्यक्तीही रोजगारात गणली जाते. त्यामुळे कामाचे तास आणि त्या कामाला पदवी लागते का, हे वेगळे विचारावे लागते.

पाहणी केव्हा करावी, याबद्दल मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीनंतर सुमारे ६ महिन्यांनी विचारणा होई. २०१७-१८ च्या पदवीधरांपासून ती सुमारे १५ महिन्यांनी होते. इटलीतील आल्मालाउरेआ हा विद्यापीठांचा संघ १, ३ व ५ वर्षांनी पाहणी करतो. लवकर विचारल्यास तात्पुरती कामेच जास्त दिसतात, उशिरा विचारल्यास पत्ते हरवतात. नोकरी लागलेले अधिक संख्येने उत्तर देत असल्यास निकाल फुगतो. भारांकनाने, म्हणजे कमी उत्तरे आलेल्या गटांना हिशेबात जास्त वजन देऊन, तो दोष पुरता जात नाही.

कर व वेतनाच्या सरकारी नोंदी जोडल्यास प्रतिसादाचा प्रश्न बराच सुटतो. तथापि अमेरिकी राज्यांच्या बेरोजगारी-विम्याच्या वेतननोंदींत स्वयंरोजगार येत नाही. राज्याबाहेर गेलेला पदवीधर त्या राज्याच्या नोंदींत सापडत नाही आणि तो बेकार असल्याचा भास होतो. ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या अमेरिकी सरकारच्या महाविद्यालय-माहितीच्या संकेतस्थळावर २०१५ पासून दिले जाणारे उत्पन्नाचे आकडे केवळ संघीय अर्थसाहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. उत्पन्नासाठी सरासरीपेक्षा मध्यक (क्रमाने लावल्यास मधोमध येणारा आकडा) घेणे योग्य, कारण मोजके मोठे पगार सरासरी वर ओढतात. लहान विभागांचे आकडे वर्षागणिक हेलकावतात. ३ वर्षांच्या तुकड्या एकत्र करणे बरे.

पदवीधरांच्या रोजगारात व उत्पन्नात दिसणाऱ्या फरकाचे श्रेय महाविद्यालयाला किती द्यावे, हा वाद मिटलेला नाही. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये सारख्याच महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. तेव्हा निवडक (मोजक्याच अर्जदारांना प्रवेश देणाऱ्या) महाविद्यालयांमुळे मिळणारा उत्पन्नलाभ बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा झाला, अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र टिकला. प्रवेशावेळचे गुण, कौटुंबिक स्थिती व स्थानिक रोजगारबाजार यांची वजावट करून काढलेला मूल्यवर्धनाचा अंदाज म्हणूनच कच्च्या टक्केवारीहून अधिक विश्वसनीय वाटतो. सर्वांना प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांवर कच्ची टक्केवारी विशेष अन्याय करते.

पदवीच्या अखेरीस क्षमता थेट तपासण्याचे प्रयोग थोडे आहेत. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या ‘आहेलो’ या व्यवहार्यता-अभ्यासात सामान्य कौशल्ये, अर्थशास्त्र व स्थापत्य अभियांत्रिकी तपासली गेली. पूर्ण स्वरूपाची परीक्षा त्यानंतर झाली नाही.