नावाने सारंग, नात्याने कोण?

नाशिकमध्ये गाणं शिकणाऱ्याला दुपारचा म्हणून जो राग आधी भेटतो, तो बहुधा वृंदावनी सारंग. मालवणी खानावळीच्या फळ्यावर हलवा-सुरमईच्या शेजारी ‘सरंगा’ लिहिलेला असतो. आणि इमारतीखालच्या नावांच्या पाट्या वाचत गेलं की एखादे सारंग, एखादे सारंगधर सापडतातच. या सगळ्यांचं मूळ एकच असेल का?

असा प्रश्न निघाला की कुणाकडे तरी उत्तर तयार असतं. ‘सारंगी म्हणजे सौ रंगी, शंभर रंगांची’ हे त्यातलं सर्वांत लाडकं. ऐकायला छान आहे, पण ते नाव आधी कानावर पडून मागाहून जुळवलेलं आहे. भाषाशास्त्र अशा जुळवाजुळवीकडे संशयाने बघतं, कारण एका नावाचे अनेक अर्थ दोन अगदी वेगळ्या वाटांनी तयार होतात. कधी एकाच शब्दाला फांद्या फुटतात. कधी वेगवेगळे शब्द झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबतात. चांगला कोश पहिल्या प्रकारात एकाच नोंदीखाली अर्थ देतो आणि दुसऱ्या प्रकारात नोंदीच वेगळ्या करतो.

हा फरक आपल्या डोक्यालाही जाणवतो. डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली इंग्रजीतल्या ‘बग’ या शब्दावर प्रयोग केला. त्याचा एक अर्थ किडा, दुसरा चोरून ऐकायचं यंत्र. वाक्याचा रोख स्पष्ट असला तरी शब्द कानावर पडताक्षणी ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ जागे झाले आणि दोन-तीन अक्षरं उलटेपर्यंत नको असलेला विझून गेला. पुढे २००२ मध्ये जेनी रॉड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ज्या शब्दाचे अर्थ एकमेकांच्या नात्यातले असतात तो लवकर ओळखला जातो. बिननात्याचे अर्थ असलेला मात्र ओळखायला किंचित उशीर लागतो.

आता सारंग. संस्कृतात सारंग म्हणजे ठिपकेदार, चित्रविचित्र रंगाचा. त्यावरून हरीण, मोर, चातक, भुंगा असे कितीतरी जीव ‘सारंग’ झाले. ही फांद्यांची वाट. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला म्हणतो, की तुझ्या गीताच्या रागाने मी असा ओढला गेलो, जसा हा दुष्यंत राजा त्या वेगवान सारंगामागे. राग आणि सारंग एकाच श्लोकात आल्यामुळे इथे सारंग राग शोधायचा मोह होतो. पण पुढच्याच श्लोकात सारथी त्या प्राण्याला ‘कृष्णसार’ म्हणतो. म्हणजे काळवीट. पाठ काळी, पोट पांढरं आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरातली धाव. तो बघायला कालिदासाच्या काळात जायला नको. आपल्याच जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे.

सारंगधराचा मात्र काळविटाशी काही संबंध नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, आणि शिंगाचं बनवलेलं ते शार्ङ्ग. ते धरणारा तो शार्ङ्गधर. बोलीत ‘श’चा ‘स’ झाला, जोडाक्षर सैल झालं आणि सारंगधर उरला. (हातात हरीण धरतात ते शंकर. त्र्यंबकेश्वराच्या इतक्या जवळ राहून आपण ही गल्लत करू नये.)

तिसरा सारंग समुद्रावरून आला. फारसीत सरहंग म्हणजे नायक, अंमलदार. खलाशांच्या टोळीवरचा मुकादम तो सारंग. शिवकाळात आरमारी अधिकाऱ्याला ‘दर्यासारंग’ ही पदवी होती. इंग्रजांनी तोच शब्द उचलून ‘सेरंग’ केला आणि १९१७ च्या देशांतर्गत जलवाहतुकीच्या कायद्यात तो बोट चालवणाऱ्याच्या परवान्यावर जाऊन बसला.

एक ठिपक्यांतून, एक शिंगातून, एक फारसी हुद्द्यातून. तिघांचा उच्चार आज एक आहे, कूळ एक नाही.

मग दोन घरांच्या पाट्यांवर ‘सारंग’ असलं तर ती भाऊबंद समजायची का? आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही तसंच जातं, त्यामुळे हे तपासता येतं. ब्रायन साइक्स या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाने २००० साली आपल्याच आडनावाच्या, पण ओळखीपाळखीच्या नसलेल्या पुरुषांचे नमुने तपासले. जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं निघालं. पण लोहारकामावरून पडलेल्या ‘स्मिथ’सारख्या आडनावात असं काही दिसत नाही, कारण लोहार गावोगाव होते आणि प्रत्येक गावाने आपापला स्मिथ घडवला. हुद्द्यावरून पडलेल्या आडनावाची गत हीच होणार. बंदरं अनेक, सारंगही अनेक.

संगीतात हे तपासायला रक्त लागत नाही, कान लागतात. नाशिकच्या कानाला ही सवय जुनी आहे: विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात इथे रामनामाचा आश्रम चालवला, आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीत. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. त्यातला शुद्ध निषाद काढून फक्त कोमल ठेवला की मधमाद सारंग. दोन्ही मध्यम घेतले आणि उतरताना धैवताला थोडी जागा दिली की शुद्ध सारंग. ही खरीखुरी भावंडं. ‘रे म प’ ऐकलं की घराण्याचा चेहरा ओळखू येतो. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी रागांची स्वरांवरून थाटांत, म्हणजे ठरावीक कप्प्यांत, वर्गवारी करताना वृंदावनीला काफी थाटात बसवलं खरं, पण काफीचा कोमल गंधार त्यात औषधालाही नाही. थाटाच्या कप्प्यांवर माझा विश्वास बेताचाच आहे, तो यामुळे.

आणि मग येतो गौड सारंग. दुपारीच गायला जातो, नावात सारंग आहे, आणि ‘सा ग रे म ग’ म्हणताच कळतं की हा परका. सारंगाने वगळलेला गंधार इथे घर करून बसलेला, धैवतही हजर. सोयरीक आहे ती कल्याण, केदाराकडची. नाव आणि वेळ यांवरून वर्गीकरण करणारा इथे हमखास फसतो.

जोडलेल्या गोष्टी आणि पुरावा यांतला फरक पाहायचा तर आपल्या गावाचंच नाव घ्यावं. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिक, ही एक कथा. नऊ शिखरं म्हणून ‘नवशिखा’, ही दुसरी. पहिलीबद्दल काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, दुसरी मात्र ध्वनिनियमात अडकते. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ख’चा ‘ह’ होतो: मुखचं मुह, सखीचं सही. शिखाचं सिहा होईल, ‘सिक’ नाही. शिवाय पांडवलेण्यात कान्ह या सातवाहन राजाच्या वेळचा, इसवी सनापूर्वीचा लेख आहे, त्यात ‘नासिक’ स्वच्छ कोरलेलं आहे. पतंजलीच्या महाभाष्यातही ‘नासिक्य’ येतं. एवढ्या जुन्या काळी नऊ शिखरांना झिजायला वेळ तरी कधी मिळाला?

राहिला मासा. सरंगा हे कोकणात कुठे पापलेटाचं नाव, तर कुठे हलव्याचं. हलव्याला ‘काळं पापलेट’ही म्हणतात. आकार तसाच चपटा, चौकटच्या पत्त्यासारखा. पण पापलेट एका कुळातलं आणि हलवा बांगडे-सुरमईच्या नव्हे, तर ट्रेव्हली माशांच्या कुळातला. म्हणजे हा माशांतला गौड सारंग.

खुद्द पापलेटाचंही नाव डीएनएने हलवलं. चंदेरी पापलेटाला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ‘पँपस अर्जेंटियस’ म्हणत आले. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत मात्र आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट निराळी जात ठरलं: ‘पँपस कँडिडस’. हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८२९ मध्येच दिलं होतं आणि मधल्या काळात ते अर्जेंटियसमध्ये विरघळून गेलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं; लॅटिन नावाचा घोळ त्याच्या चवीपर्यंत पोचत नाही.

नाशिकला समुद्राचे मासे बर्फात बसून कसारा घाट चढून येतात, तोवर रंग थोडा उतरलेला असतो, त्यामुळे काळं-पांढरं यावर विसंबू नये. शेपटीच्या देठावर बोट फिरवावं. तिथे कडक खवल्यांची बारीक धार लागली तर तो हलवा, गुळगुळीत लागलं तर पापलेट, मग विकणारी त्याला सरंगा म्हणो की आणखी काही.