शिवराईवर नाव महाराजांचं, पण नाणं कधीचं?

नांगरट झाल्यावर किंवा पावसानं बांध खचल्यावर तांब्याची जाड, हिरवट चकती वर येते. एका बाजूला ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. ही शिवराई. नाव महाराजांचं आहे म्हणजे नाणंही त्यांच्याच काळातलं, असं लगेच धरून चालतात आणि तिथेच चूक होते. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेलं हे नाणं लोकांत इतकं रुजलं, की पुढे पेशवाईतही त्याच नावानं पाडलं जात राहिलं. त्यामुळे नावावरून काळ ठरत नाही. तो वजनावरून आणि अक्षरांवरून ठरवावा लागतो.

त्याआधी एक विनंती: चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. पुष्कळदा झिजलेल्या अक्षरांचा उठाव तांब्यात उरलेलाच नसतो. तो वरच्या लालसर-हिरव्या थरात असतो. आंबट लागलं की थर विरघळतो आणि त्याबरोबर अक्षरंही जातात. नाणं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मऊ झालेली माती बांबूच्या काडीनं काढा.

वाळल्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. महाराजांच्या काळातली पूर्ण शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. नंतरच्या पुष्कळशा ८ ते १० ग्रॅमच्या. पण झीज आणि गंज दोन्ही वजन खातात, म्हणून हलकं नाणं उत्तरकालीनच असं निव्वळ काट्यावरून म्हणू नये. मग भिंग घ्या. मजकुराच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकालीन. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ किंवा ‘सीव’ असेल तर तेही नोंदवा. ठशांचे प्रकार अशा फरकांवरूनच लावतात.

अक्षरं उठवणारा ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि घाव हातोड्याचा. म्हणून बिंदूंची किनार एका बाजूला कापलेली, कडेला बारीक चिरा, हे अस्सलपणाचं लक्षण. कडेभोवती सांधा आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतील तर तो साच्यात ओतलेला माल. शंका असेल तर नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं ठेवून पुन्हा तोला. हवेत ९.२० ग्रॅम, पाण्यात ८.१६, घट १.०४. हवेतल्या वजनाला घटीनं भागलं की घनता मिळते: इथे ८.८५, म्हणजे जवळपास शुद्ध तांबं. पितळ साधारण ८.४ ते ८.७ला येतं. गंज जाड असेल तर आकडा खाली घसरतो, हे धरूनच निर्णय घ्या.

फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी टिंबं दिसली तर घाई करा. मातीतलं क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून आतलं तांबं खात असतात. नाणं दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणं बेकायदा आहे. इतरत्र जमिनीत दडवलेलं १० रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्या अर्जात गट नंबर, खोली आणि शेजारी मिळालेली खापरंही लिहा.