रायफलचा सिंथेटिक दस्ता

रायफलची नळी आणि गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा ज्यात बसते आणि ज्याचे मागचे टोक खांद्याला टेकते, तो भाग म्हणजे दस्ता. नेमबाजीच्या रेंजवर त्याला स्टॉक म्हणतात. शिकारी रायफलीला कारखान्यातून आलेला दस्ता, बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा, काढून त्याजागी दुसऱ्या उत्पादकाचा नायलॉन, फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचा दस्ता बसवण्याची पद्धत जगभर रूढ आहे. निवड करताना लोक आधी साहित्य आणि रंग बघतात. खरे तर यंत्रणा दस्त्यात किती घट्ट व सारखी बसते आणि दस्ता नेमबाजाच्या अंगाला किती जुळतो, यावरच पैसे सार्थकी लागले की वाया गेले ते ठरते.

मुंबईत हा विषय शिकारीचा उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने देशात हौशी शिकार बंद झाली. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी, असे मोजकेच अपवाद राहिले. तरीही अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या काळची परवान्याची शिकारी रायफल आहे. ती नीट ठेवायची, अधूनमधून परवानगी असलेल्या रेंजवर चालवायची, तर दस्त्याचा प्रश्न येतोच. कारण या शहराची हवा लाकडाची वैरी आहे.

लाकूड ओलावा पितो आणि फुगते, तेही लांबीत नव्हे तर रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे नळीच्या दोन्ही अंगांनी. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसचे दिवस दमट राहते. नळी आणि दस्ता यांमध्ये मे महिन्यात सहज सरकणारा कागद ऑगस्टमध्ये मध्येच अडकू शकतो. दस्ता नळीला एका बाजूने रेटू लागला की गोळी नेमापासून सरकते आणि नेमबाज दोष रायफलीवरच्या दुर्बिणीला देत बसतो. सिंथेटिक दस्ता फुगत नाही. त्याचा सगळ्यात मोठा गुण हाच.

प्लास्टिकच्या दस्त्याची सुरुवात लोकांच्या नजरेत भरली ती १९५९ साली. अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीने नायलॉन ६६ नावाची पॉइंट २२ (नळीच्या व्यासाचे इंचातले माप) रायफल आणली. ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनचा दस्ता म्हणून सुरुवातीला नाके मुरडली गेली, पण पुढे ती दहा लाखांहून जास्त खपली. फायबरग्लास आले अचूक नेमबाजीच्या स्पर्धांतून. अमेरिकी मरीन दलाने १९७०च्या दशकात एम४०ए१ या स्नायपर रायफलीसाठी मॅकमिलन कंपनीचा फायबरग्लास दस्ता घेतला, तो याच कारणाने की व्हिएतनामच्या दमटपणात लाकडी दस्ते वाकत होते.

आजच्या बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. साच्यात ओतलेला नायलॉनचा दस्ता स्वस्त आणि चिवट असतो. पण हलक्या प्रतीच्या मालाचा पुढचा भाग लवतो. दुकानात एक सोपी परीक्षा करावी: पुढच्या टोकाला नळी आणि दस्ता एकाच मुठीत धरून दाबायचे. टोक नळीला टेकले तर पट्टा ताणून किंवा कठड्यावर टेकवून झाडलेली गोळी वेगळीकडे जाणार, हे नक्की. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, हाताने थर चढवलेला फायबरग्लास कडक असतो, महाग असतो आणि त्याची दुरुस्ती करता येते. कार्बन फायबरमुळे वजन आणखी उतरते, पण डोंगर चढायचा नसेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय हलकेपणाची किंमत खांदा मोजतो. धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. चार किलोची रायफल साडेतीन किलोवर आणली की धक्का सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे ते बेडिंगकडे, म्हणजे यंत्रणा दस्त्यात जिथे बसते त्या खाचेकडे. गोळी सुटताना यंत्रणा मागे रेटली जाते आणि तो रेटा रिकॉइल लग नावाचा छोटा पोलादी ठोकळा दस्त्यावर घेतो. लग खाचेत सैल असेल तर प्रत्येक गोळीगणिक यंत्रणा केसभर वेगळ्या जागी बसते. चांगल्या दस्त्यांत यासाठी अॅल्युमिनियमचा ठोकळा आधीच ओतलेला असतो. नसेल तर स्क्रूंभोवती धातूचे खांब बसवून बाकीची पोकळी इपॉक्सीने भरून घेतात. स्क्रू आवळण्याचा जोरही ठरलेला असतो: साध्या प्लास्टिकला साधारण साडेचार न्यूटन-मीटर, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला सातच्या आसपास. अंदाजाने मनगट फिरवण्यापेक्षा ठरवलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना घ्यावा.

आपल्याकडे मोठी अडचण येते ती रायफलीच्या जातीची. बाजारातले बहुतेक दस्ते रेमिंग्टन ७००सारख्या खपाऊ रायफलींच्या यंत्रणांसाठी बनतात, आणि तिथेही यंत्रणेची लांबी, नळीची जाडी, मॅगझिनचा प्रकार आणि डावा-उजवा हात जुळवावा लागतो. भारतातली ओळखीची शिकारी रायफल मात्र पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची पॉइंट ३१५. ती ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या यंत्रणेवर बेतलेली आहे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा: मागचा भाग लांब बोल्टने पोलादी सॉकेटमध्ये आवळलेला, पुढचा वेगळा. एकसंध दस्ता तिला बसतच नाही. अशा रायफलीचे लाकूड शाबूत असेल तर ते तसेच ठेवून नीट सील करावे. खाचा तासून परका दस्ता बसवण्याच्या नादात चांगली वस्तू बिघडते.

मापाचे गणित तेवढेच महत्त्वाचे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर परदेशी दस्त्यांत साधारण ३४ सेंटिमीटर असते. बुटक्या बांध्याच्या माणसाला ते लांब पडते आणि मान पुढे ताणावी लागते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग उघडावेत. दुर्बिणीतले चित्र मान न हलवता पूर्ण दिसले तर माप बरोबर. जुने दस्ते दुर्बिणीविना, नळीवरच्या उघड्या माशीने नेम धरण्यासाठी बनल्यामुळे गालाकडची बाजू खाली असते. वर दुर्बीण चढवली की गाल अधांतरी राहतो. म्हणून वर-खाली होणारा चीकपीस, म्हणजे गाल टेकवायची पट्टी, ही चैन समजू नये. वरळीच्या रेंजवर एअर रायफल घेऊन उभी राहणारी मुले गालाची आणि खांद्याची पट्टी मिलिमीटरने जुळवतात. शिकारी रायफलवाल्यांनी ही सवय त्यांच्याकडून जरूर घ्यावी.

१९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. त्यामुळे परदेशातून दस्ता मागवण्याआधी परवाना अधिकाऱ्याकडे, मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे, लेखी विचारणा करावी आणि काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे. दस्ता बदलताना नळी आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो धुडकावावा. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

सिंथेटिक दस्ता बसवला म्हणजे पावसाळ्याची काळजी मिटली, हा समज मात्र घातक आहे. दस्ता कुजत नाही, पण त्याच्या पोटात शिरलेले पाणीही तो पीत नाही. नळीच्या तळाशी, खाचेच्या कोपऱ्यात ते तसेच साचून राहते आणि समुद्राकडच्या खाऱ्या हवेत पोलादावर तांबूस ठिपके धरतात, वरून काहीच दिसत नाही. भिजलेली रायफल त्याच दिवशी रिकामी असल्याची खात्री करून उघडावी, पुसावी, यंत्रणेच्या तळाला तेलाचा पातळ हात द्यावा, स्क्रू ठरल्या जोराने आवळावेत. नंतर रेंजवर झिरो, म्हणजे नेम आणि गोळीचा जुळवलेला मेळ, पुन्हा तपासावा.