धावण्याचे बूट : जुने आणि नवे

धावण्याच्या बुटाचे मुख्य भाग तीन : पायाला धरून ठेवणारा वरचा भाग, जमिनीला घासणारा तळ आणि या दोहोंमधला थर, म्हणजेच मिडसोल. १९६० च्या सुमाराचा एखादा बूट आणि आजचा स्पर्धेचा बूट शेजारी ठेवले, तर कापड, शिवण, रंग यांपेक्षा नजरेत भरतो तो हा मधला थर. जुन्या बुटात तो नावापुरता असे. आज टाचेखाली चार सेंटिमीटरपर्यंत फोम असतो. जुन्या-नव्याची तुलना खऱ्या अर्थाने या थराचीच आहे.

सुरुवातीचे बूट चामड्याचे होते. इंग्लंडमधील बोल्टन गावी जोसेफ विल्यम फॉस्टर यांनी १८९० च्या दशकात तळाला खिळे ठोकलेले धावण्याचे बूट बनवायला घेतले. त्यांच्याच नातवंडांनी पुढे रीबॉक ही कंपनी काढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स यांच्या पायांत जर्मनीतील डासलर बंधूंच्या कारखान्यातले हलके, खिळ्यांचे बूट होते. हे सगळे मातीच्या ट्रॅकसाठी. रस्त्यावर लांब पल्ला धावणाऱ्याची सोय कोणी फारशी पाहत नसे. जपानी धावपटूंनी मात्र स्वतःची वाट काढली. अंगठा वेगळा ठेवणारे, मोज्यासारखे पारंपरिक ‘ताबी’ घालून शिझो कानाकुरी १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये धावले आणि त्याच घाटाचे, रबरी तळाचे बूट घालून शिगेकी तनाका यांनी १९५१ ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकली.

बूट नसणे हीही त्या काळातली सर्रास गोष्ट होती. दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यांतली मुले अनवाणी धावताना पाहिली आणि पुढच्याच वर्षी भारतीय चमू अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला इथिओपियाचे अबेबे बिकिला यांना मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, तेव्हा ते अनवाणीच धावले आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकले. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी बूट घातले व २ तास १२ मिनिटे ११ सेकंद अशी वेळ दिली. या दोन आकड्यांवरून बुटाचा फायदा काढायचा मोह अनेकांना होतो. पण रस्ता वेगळा, हवा वेगळी, तयारी वेगळी. फक्त बूट बाजूला काढून मोजता येत नाही.

खरी उलथापालथ १९६० ते १९८० या वीस वर्षांत झाली, आणि ती घडवणाऱ्यांत प्रशिक्षक होते, हौशी धावपटू होते, चपला-बुटांचे लहान कारखानदार होते. अमेरिकेतल्या न्यू बॅलन्स कंपनीने ‘ट्रॅकस्टर’ हा लाटांसारखा तळ असलेला बूट वेगवेगळ्या रुंदीत विकायला आणला. पाय केवळ लांबीने मोजायचा नसतो, ही साधी गोष्ट मान्य व्हायला इतका उशीर लागला. कोबेच्या किहाचिरो ओनित्सुका यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंना येणारे फोड टाळण्यासाठी हवा खेळती ठेवणारी छिद्रे दिली. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन ओनित्सुकाचे ‘टायगर’ बूट उसवून, त्यांत नाना बदल करून जपानला कळवत. त्यातून टाचेपासून चवड्यापर्यंत सलग मऊ स्पंज असलेला ‘कॉर्टेझ’ आला. पुढे बॉवरमन भागीदार असलेली नायकी कंपनी आणि ओनित्सुका यांचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि तोच बूट दोघांकडे दोन नावांनी राहिला.

बॉवरमन यांचा वॉफलचा (चौकोनी खाचांच्या, धिरड्यासारख्या पदार्थाचा) किस्सा सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातला मुद्दा सहसा निसटतो. १९७१ च्या सुमारास त्यांनी घरातल्या वॉफलच्या साच्यात युरेथेन हे रबरासारखे घट्ट होणारे पातळ रसायन ओतले. साच्याला आतून काही लावायचे राहून गेले आणि साचा कायमचा चिकटला. मात्र कल्पना टिकली : सलग जाड रबराऐवजी सुट्या चौकोनी गाठी. त्यांनी पकड मिळते, आणि गाठींमधली जागा रिकामी असल्याने वजन घटते. वजन हेच बॉवरमन यांचे वेड होते. १९७४ चा ‘वॉफल ट्रेनर’ हातात घेतला की ते कळते : नायलॉनचे पातळ कापड, टाचेला आणि बोटांपाशी मऊ चामड्याची ठिगळे, आणि वाकवला तर मधून सहज दुमडणारा तळ. पायाला जमीन कळत असे, खडाही कळत असे.

याच दशकाच्या मध्याला ब्रुक्स कंपनीने ईव्हीए नावाचा, बारीक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हलका फोम मधल्या थरात आणला. आधीच्या स्पंज रबरापेक्षा तो पुष्कळ हलका होता, आणि पुढची चाळीस वर्षे बहुतेक बूट त्याच्याच आधाराने बनले. १९७५ मध्ये बिल रॉजर्स यांनी नायकीच्या बुटांत बॉस्टन २ तास ९ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकली, तीही वाटेत थांबून बुटाची नाडी बांधून.

ऐंशीच्या दशकात भर पडली ती मुख्यतः जोडकामाची : हवेच्या पिशव्या, जेल, पाय आत कलू नये म्हणून कमानीखाली कडक फोम. पायाच्या कमानीचा आकार पाहून बूट सुचवण्याची पद्धत दुकानांत रुजली. पण अमेरिकी सैन्यदलांतल्या नव्या भरतीवर ही पद्धत तपासली, तेव्हा तिने दुखापती कमी झाल्याचे दिसले नाही. कॅनडातील कॅलगरीचे संशोधक बेन्नो निग यांनी तर पायाला जो आरामदायक वाटेल तोच बूट घ्यावा, असे मांडले. माझ्या मते दुकानात पाय घालून चार पावले धावून पाहणाऱ्या जुन्या पद्धतीला मिळालेली ही उशिराची मान्यता आहे. २०१० च्या आसपास अनवाणी धावण्याची आणि पातळ तळाच्या बुटांची लाट आली आणि लवकरच ओसरली. पोटरी आणि घोट्यामागची शीर तयार नसताना एकदम बदल केलेल्यांना त्याचा त्रासही झाला.

मग २०१७ मध्ये नायकीचा ‘व्हेपरफ्लाय’ आला : नव्या फोमचा जाड थर आणि त्यात बसवलेली कार्बनची कडक पट्टी. कोलोरॅडो विद्यापीठात १८ चांगल्या धावपटूंवर त्याच्या नमुन्याची चाचणी झाली. वजनाचा फरक निकालात येऊ नये म्हणून हलक्या बुटांना वजन जोडून सगळे सारखे केले होते. दाबताना दिलेल्या ऊर्जेपैकी नवा फोम ८७ टक्के परत करत होता. तुलनेतल्या दोन बुटांत हे प्रमाण ७६ आणि ६५.५ टक्के होते. धावताना खर्च होणारी ऊर्जा सरासरी ४ टक्क्यांनी घटली. संशोधनाला पैसा नायकीचाच होता, हेही लक्षात ठेवायला हवे. तरी नंतरच्या स्वतंत्र चाचण्यांतही फायदा दिसला. श्रेय मात्र सगळे आतल्या कार्बनच्या पट्टीला दिले गेले. पुढे संशोधकांनी ती पट्टी करवतीने कापून पाहिली, तर ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. जादू मुख्यतः फोमची आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटर आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घातली. ती आणखी आधी यायला हवी होती.

या वेगाची किंमत बुटाच्या आयुष्यात मोजावी लागते. २०२३ मध्ये बर्लिनला टिगस्ट असेफा यांनी २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, तो १३८ ग्रॅम वजनाच्या आदिदासच्या बुटांत. ५०० डॉलरचा तो जोड मुळात एका मॅरेथॉनपुरताच बनवला होता. सरावाचे बूट अर्थातच जास्त टिकतात, पण कॅनव्हास-रबराच्या बुटासारखे झिजून भोक पडेपर्यंत वापरणे आता कोणी करत नाही. तळ शाबूत दिसतो आणि आतला फोम मेलेला असतो. आपल्याकडे शाळेच्या पी.टी.ला खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून कित्येक जण जिल्हा स्पर्धा धावले. सावरपाड्याच्या कविता राऊत यांची धाव तर अनवाणीच सुरू झाली.

जुना जोड जपणाऱ्यांना फोमचा आणखी एक गुणधर्म नडतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या अनेक बुटांत मधला थर पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा आहे. हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक वीण हळूहळू तुटते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत माळ्यावर खोक्यात ठेवलेला, न वापरलेला जोडही अंगठ्याने दाबला तर टाच चुरून भुगा हातात येतो, वरचे कापड मात्र धड असते. ईव्हीए चुरत नाही, पण कडक होतो. म्हणून संग्रहातला जुना बूट घालून धावू नये. त्याचा अनुभव हवा असेल तर कंपन्या आता कॉर्टेझ, ओनित्सुकाचा मेक्सिको ६६ यांसारखे जुने घाट नव्याने काढतात, पण तेही धावण्यापेक्षा रोजच्या वापरासाठीच घ्यावेत.