शाळा सुधारते तेव्हा मुख्याध्यापक नेमकं काय करत असतो?

मुख्याध्यापक चांगला आला की शाळा सुधारते, हे कुठल्याही गावातले पालक सांगतील. संशोधनाला मात्र या विधानापर्यंत पोहोचायला काही दशकं लागली, आणि पोहोचल्यावर त्याचं रूपही थोडं बदललं होतं.

सुरुवात उलट्याच निष्कर्षाने झाली. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार अमेरिकेत शिक्षणातल्या समान संधीची पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या चमूने सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाखांवर मुलांची माहिती गोळा केली. १९६६च्या त्यांच्या अहवालात असं दिसलं, की मुलांच्या गुणांमधला फरक इमारत, ग्रंथालय किंवा दर मुलामागच्या खर्चावरून फारसा कळत नाही. घरची परिस्थिती आणि वर्गातली सोबतची मुलं यांवरून जास्त कळतो. यातून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला: गरिबाच्या मुलासाठी शाळा फार काही करू शकत नाही. इतका निराश करणारा अर्थ शिक्षणात क्वचितच इतक्या वेगाने पसरला असेल.

त्याला उत्तर द्यायला काही जण थेट शाळांमध्ये गेले. जॉर्ज वेबर यांनी १९७१मध्ये न्यूयॉर्क, कॅन्सस सिटी आणि लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या चार शाळा दाखवल्या, जिथली मुलं नीट वाचत होती. १९७९मध्ये रॉन एडमंड्स यांनी अशा शाळांची समान लक्षणं मांडली. त्यांत अग्रभागी होता तो वर्गातल्या शिकवण्यावर लक्ष ठेवणारा खंबीर मुख्याध्यापक. प्रत्येक मूल शिकेल ही अपेक्षाही त्याच यादीत होती. एडमंड्स हे कृष्णवर्णीय अभ्यासक होते, आणि गरिबांच्या मुलांना शिकवता येतं हे आपल्याला पुरेसं ठाऊक आहे, प्रश्न आपल्या इच्छेचा आहे, असं ते ठणकावून सांगत. त्याच वर्षी मायकेल रटर आणि सहकाऱ्यांचा लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास आला. सारख्या वस्तीतली मुलं घेऊनही या शाळांच्या निकालांत फरक होता.

पण लक्षणांची यादी म्हणजे कारणमीमांसा नव्हे. चांगल्या मुख्याध्यापकामुळे शाळा चांगली होते, की चांगल्या शाळेला तसा मुख्याध्यापक मिळतो? फिलिप हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी १९८० ते १९९५ या काळातले अभ्यास चाळले, तेव्हा मुख्याध्यापकाचा मुलांच्या गुणांवर थेट परिणाम जेमतेमच सापडला. परिणाम होता, पण तो शिक्षकांमार्फत, शाळेच्या उद्दिष्टांमार्फत, वातावरणामार्फत मुलांपर्यंत जात होता. पुढच्या सगळ्या संशोधनाला दिशा मिळाली ती इथून, असं मला वाटतं.

हा मार्ग सर्वांत स्पष्ट दिसला तो शिकागोत. १९८७मध्ये तिथे शिक्षकांचा दीर्घ संप झाला, आणि अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शहराच्या शाळा देशात सर्वांत वाईट ठरवल्या. संतापलेल्या पालकांच्या रेट्यातून १९८८चा सुधारणा कायदा झाला. प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली: सहा पालक, वस्तीतले दोन प्रतिनिधी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाची कायमची नोकरी संपली. चार वर्षांचा करार देणं वा न देणं परिषदेच्या हाती आलं. शिक्षक निवडण्याचा आणि निधी वापरण्याचा अधिकार मात्र मुख्याध्यापकाला वाढवून मिळाला.

एकाच शहरात, एकाच कायद्याखाली शेकडो शाळा. काही वर आल्या, काही जागच्या हलल्या नाहीत. अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकातल्या सर्वांत सुधारलेल्या १०० आणि सर्वांत मागे राहिलेल्या १०० प्राथमिक शाळांची तुलना केली. पाच आधार हाती लागले: नेतृत्व, पालक व वस्तीशी नातं, शिक्षकांची क्षमता, मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण, आणि काय व कसं शिकवायचं याची सुसूत्रता. बाकीच्या चारांना चालना देतं ते नेतृत्व. यांतला एक आधार जरी दीर्घकाळ कच्चा राहिला, तरी सुधारणा अडते. विश्वासाचा हिशेब तर चटका लावणारा आहे: ज्या शाळांत शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक यांच्यात विश्वास होता, त्यांच्यापैकी दोनात एक शाळा सुधारली, जिथे तो नव्हता, तिथे सातात एक.

मग मुख्याध्यापकाने दिवसभरात करायचं काय? न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांसह २००८मध्ये याचं उत्तर शोधलं. सर्वांत मोठा परिणाम होता शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याचा आणि त्यात स्वतः सहभागी होण्याचा. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून दालनात परतणारा मुख्याध्यापक यात बसत नाही.

भारतात हा विचार वेगळ्या वाटेने आला. कोलमन अहवालाच्याच वर्षी, जून १९६६मध्ये, कोठारी आयोगाने अहवाल दिला. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक आयोगाचे सदस्य-सचिव होते. माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांचा एक शाळासमूह करावा आणि त्यांनी एकमेकींना शैक्षणिक आधार द्यावा, ही त्यातली कल्पना. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती पुन्हा आली आहे.

मधल्या काळात आपण मूल्यमापनाकडे वळलो. मध्य प्रदेशात शाळांना श्रेणी देऊन प्रत्येकीसाठी सुधार आराखडा करण्याचा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांनी १,७७४ शाळांत त्याची काटेकोर तपासणी केली. मूल्यमापनं पूर्ण झाली, श्रेणीही बऱ्यापैकी खऱ्या होत्या, पण शाळेच्या कामकाजात वा मुलांच्या शिकण्यात काही बदललं नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि देशभर ६ लाखांवर शाळांपर्यंत नेला गेला. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना त्याचं नाव ओळखीचं आहे: शाळासिद्धी.

शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात ७५ टक्के पालक असतात, पण शिकागोच्या परिषदेसारखा मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार तिला नाही. त्याच कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत मुख्याध्यापकाचं पद १५०हून जास्त मुलं असतील तरच धरलं जातं. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळा यात येत नाहीत. तिथे ज्येष्ठ शिक्षक प्रभारी म्हणून काम पाहतो: दोन-तीन इयत्ता शिकवतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो, यू-डायसवर म्हणजे सरकारच्या शालेय माहिती प्रणालीत शाळेची माहिती भरतो, वर निवडणुकीची कामं करतो. सहकाऱ्याच्या वर्गात बसून त्याच्याबरोबर शिकायचं म्हटलं, तर त्या वेळी याच्या वर्गावर कोण उभं राहणार? नेतृत्वाच्या प्रशिक्षणाआधी या शिक्षकाला आठवड्यातले काही तास तरी मोकळे करून द्यायला हवेत, आणि ते शाळासमूहातून शिक्षक पुरवून देता येतील का, हे निदान एखाद्या तालुक्यात तरी आधी नीट तपासून पाहायला हवं.