दिवेलागणीची पंचवीस मिनिटं

रात्री नऊ वाजता ट्रायपॉड खांद्यावर टाकून शहराच्या मध्यवर्ती भागात फोटो काढायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकाच जातीचे फोटो घेऊन परततो. आकाश डांबरासारखं काळं. मनोरा कुठे संपला आणि अंधार कुठे सुरू झाला, ते कळत नाही. खिडक्यांच्या जागी पांढरे चौकोन, काळ्या कागदाला भोकं पाडल्यासारखे. माझ्या पहिल्या वर्षातले सगळे फोटो असेच आहेत. मी आधी लेन्सला दोष दिला, मग कॅमेऱ्याला. चूक घड्याळात होती. मी रोज दोन तास उशिरा पोचत होतो.

रात्रीच्या शहराचे जे फोटो पाहून आपण थबकतो, ते बहुधा रात्री काढलेले नसतातच. ते दिवेलागणीचे असतात. याचं कारण कलेत शोधायची गरज नाही, साध्या आकड्यांत सापडतं. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतका उजेड असतो. सूर्य मावळताना तो साधारण ४०० लक्सवर येतो आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की ३-४ लक्सच उरतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र १०-२० लक्स असतात, आणि एकदा लागला की तो दिवा रात्रभर तेवढाच उजेड देतो. म्हणजे एक रेघ वेगाने खाली कोसळते आहे आणि दुसरी आडवी, स्थिर आहे. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास आकाश आणि दिवे एकाच फोटोत सुखाने नांदतात. आधी गेलात तर दिवे मिणमिणते. नंतर गेलात तर आकाश नाहीसं.

ही वेळ किती टिकते? पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे ते ६ अंश २०-२५ मिनिटांत संपतात. तेवढ्यात उजेड शंभरपटीहून जास्त उतरतो, म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी निम्मा होतो. एक फोटो काढून, तो मागच्या पडद्यावर नीट बघून, सेटिंग बदलून पुन्हा शटर दाबेपर्यंत मोजमाप चुकलेलं असतं! उत्तरेकडे जावं तसा सूर्य तिरका उतरतो आणि ही वेळ लांबते. जूनमध्ये लंडनला ती सुमारे पाऊण तासाची असते. तिथल्या फोटोग्राफरांचा मला या बाबतीत उघड हेवा वाटतो.

फोटोवाले या वेळेला ‘ब्लू अवर’ म्हणतात. तासभर तो क्वचितच टिकतो, पण निळा मात्र खरोखर असतो. का असतो, याचं उत्तर आपण शाळेत पाठ केलं ते नाही.

शाळेतलं उत्तर असं: हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. दुपारपुरतं ते बरोबर आहे. पण सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर त्याचा प्रकाश वातावरणातून प्रचंड लांबचा, आडवा प्रवास करून आपल्या डोक्यावरच्या हवेपर्यंत पोचतो. या वाटेत त्यातला निळा भाग आधीच विखरून गळून गेलेला असतो. मग डोक्यावरचं आकाश निळं दिसण्याऐवजी फिकट पिवळट दिसायला हवं. ते तसं दिसत नाही. एडवर्ड हलबर्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये याचा हिशेब मांडला आणि दाखवलं, की संधिप्रकाशातला निळा रंग मुख्यतः ओझोनचा आहे. ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषतो, हे जेम्स शाप्वी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८० मध्येच नोंदवलं होतं. दुपारी प्रकाश ओझोनच्या थरातून उभा खाली येतो, थरातला रस्ता छोटा असतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. संध्याकाळी तोच प्रकाश थराला आडवा कापत जातो आणि नारिंगी रंग गाळला जातो.

आता गंमत पाहा. ओझोनचं हे शोषण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जोरात असतं. सोडियमच्या जुन्या पिवळ्या दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा. म्हणजे वरती आकाशातून जो रंग वजा होतो, जवळपास तोच रंग खाली रस्त्यावर दिवे ओतत असतात. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी शहर इतकं खुलून दिसतं, त्यामागे ही वजाबाकी आणि बेरीज आहे. चित्रकार ज्यांना पूरक रंग म्हणतात, ते इथे आयते समोर मांडून ठेवलेले असतात.

काचेच्या इमारतींना तर हा अर्धा तास अक्षरशः उघडं पाडतो. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकतो. दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के. लेप दिलेली काच याहून जास्त. हा आकडा दिवसा आणि रात्री सारखाच असतो, बदलतो तो दोन्ही बाजूंचा उजेड. दुपारी बाहेर हजारो लक्स आणि आत ऑफिसात ३००-५०० लक्स, म्हणून परतलेला थोडासा प्रकाशही आतल्या उजेडाला भारी पडतो आणि इमारत आरसा होते. रात्री पारडं उलटतं. आतल्या खुर्च्या, जिने, छताच्या नळ्या सगळं दिसू लागतं, पण काच मात्र गायब होते. दिवेलागणीला पारडी समपातळीत येतात: तळमजल्यापासून वर बघत गेलं तर माणसं दिसतात आणि त्यांच्यावरून सरकणारे ढगही. काचेच्या मनोऱ्याचा फोटो काढायचा तर याच वेळी. दुपारच्या फोटोत त्या इमारतीऐवजी शेजारची इमारतच जास्त दिसते.

दिव्यांच्या रंगाचं प्रकरण जरा किचकट आहे. कमी दाबाचा सोडियम दिवा जवळपास एकाच रंगाचा प्रकाश देतो. त्याच्याखाली लाल गाडीही मातकट दिसते, कारण परतवायला लाल प्रकाशच नसतो. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो रंग परत येत नाही. जे सेन्सरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपपर्यंत, पोचलंच नाही ते काढणार कुठून? आता शहरांमधून सोडियम हटतो आहे आणि एलईडी येतो आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून काढलेले मिलान शहराचे २०१२ आणि २०१५ चे फोटो शेजारी ठेवले, तर नारिंगी शहराचं मध्य पांढरं झालेलं स्पष्ट दिसतं. रस्त्यावरचा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्या निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणारा लेप असतो आणि दोन्ही मिळून पांढऱ्याचा भास होतो. त्या निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एलईडीखाली रंग ओळखू येतात, हे मान्य. पण तो निळा-सोनेरी विरोध फिका झाला, याची मला रुखरुख आहे.

एकाच चौकात दोन-तीन जातींचे दिवे असले की कॅमेऱ्याची पंचाईत होते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, सगळ्या फोटोला एकच लागतो. आपला मेंदू जागोजागी वेगळी तडजोड करून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. म्हणून रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) काढावी आणि रंगाचा निर्णय घरी बसून घ्यावा.

उजेड कमी म्हणजे शटर जास्त वेळ उघडं, आणि इथून शहराचं वागणं बदलतं. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई डागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला. भर दिवसाचा वर्दळीचा रस्ता, पण प्लेटवर ठसा उमटायला काही मिनिटं लागत असल्यामुळे गाड्या आणि माणसं पुसली गेली. कोपऱ्यात एक जण बुटांना पॉलिश करून घेत पाय रोवून उभा होता. तो तेवढा उरला.

आजही नियम तोच आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते; १५ सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये (शटर उघडं राहतं तेवढ्या वेळात) तिने १६५ मीटर कापलेले असतात. गाडीचं अंग कुठल्याही एका जागी क्षणभरच असतं, म्हणून ते उमटत नाही. तिचे दिवे मात्र इतके प्रखर असतात, की त्यांना क्षणभरही पुरतो. समोरून येणाऱ्यांची पांढरी रेघ, जाणाऱ्यांची तांबडी. रस्त्यात काही सेकंदच थांबलेली बस असेल तर ती भुतासारखी अर्धपारदर्शक येते.

मोबाइलमधला नाइट मोड वेगळ्या वाटेने जातो. हातात १५ सेकंद फोन स्थिर धरणं माणसाला शक्य नाही, म्हणून तो छोटे छोटे अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर नेमके बसवतो आणि त्यांची सरासरी घेतो. खरं दृश्य प्रत्येक फोटोत सारखं असतं, कण-कण दिसणारा नॉइज दरवेळी वेगळा. सरासरीत तो आपसात खोडला जातो. १६ फोटो घेतले तर नॉइज १६ पट कमी होत नाही, चौपट कमी होतो, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. चौसष्ट फोटो काढले तरी आठपटच. फोनवाले कंटाळून कुठे थांबतात, ते यावरून कळतं.

दिव्यांभोवती दिसणाऱ्या चांदण्यांबद्दल थोडक्यात. अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधल्या लहान-मोठ्या करता येणाऱ्या भोकाच्या) पात्यांच्या कडांवरून प्रकाश वळतो, त्यातून त्या तयार होतात. पाती सम संख्येत असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट. नऊ पात्यांच्या लेन्समध्ये अठरा. कुणाच्याही फोटोतले किरण मोजून लेन्सची जात ओळखण्याचा हा घरगुती खेळ आहे. चांदण्या हव्यात म्हणून अ‍ॅपर्चर एफ १६ पर्यंत (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) बारीक केलं, की तोच वळणारा प्रकाश सगळ्या फोटोवर सूड उगवतो. एका बिंदूचा सुमारे २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. मोठ्या सेन्सरवरचा पिक्सेल ४ ते ६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे चार-पाच पिक्सेल व्यापणारा डाग. मी एफ ८ ते ११ च्या पुढे क्वचित जातो.

उंच इमारती मागे कलंडलेल्या दिसतात ती तक्रार मात्र लेन्सची नाही. सेन्सर भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा समांतरच येतात. पण मनोरा फ्रेममध्ये बसवायला आपण कॅमेरा वर झुकवतो, समांतरपणा जातो आणि रेषा वरती एकमेकींकडे झुकतात. मान वर केल्यावर डोळ्यालाही तसंच दिसतं, पण इमारत उभी आहे हे मेंदूला माहीत असतं आणि तो आपल्याला कळूही देत नाही. इमारतींचेच फोटो काढणारे लोक शिफ्ट लेन्स वापरतात. ती सेन्सरपेक्षा बरीच मोठी प्रतिमा पाडते, आणि कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली की मनोऱ्याचं टोक आत येतं. ती महाग असते. सॉफ्टवेअरने रेषा सरळ करता येतात, पण तेव्हा फोटोचा वरचा भाग ताणला जातो आणि बारकावे नेमके शिखरावर विरळ होतात. फुकटचा उपाय म्हणजे समोरच्या इमारतीच्या पाचव्या-सहाव्या मजल्यावर जाणं. तिथून कॅमेरा फारसा झुकवावाच लागत नाही.

पहाटे हाच सगळा खेळ उलटा होतो. आकाशाची रेघ खालून वर येते, दिव्यांची आडवीच. ऑफिसं अंधारात असतात, त्यामुळे काचेचे मनोरे मुके वाटतात, पण रस्ते मोकळे मिळतात. रस्त्यावरचे दिवे कुठे घड्याळावर बंद होतात, कुठे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर. एकदा माझं २० सेकंदांचं एक्सपोजर चालू असताना साधारण बाराव्या सेकंदाला सगळी रांग एकदम विझली. फोटो वाया गेला असं वाटलं. घरी येऊन पाहिला तर त्यात दिवे लागलेले होते, नेहमीपेक्षा किंचित मंद, आणि खांबाखालच्या रस्त्यावर पहाटेचा निळा रंग उतरलेला. तो फोटो मी अजून ठेवलाय. त्यातले दिवे चालू की बंद, असं कुणी विचारलं तर काय सांगणार?