रानातल्या वाघालाही जंत होतात

ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: रानातल्या जनावराला जंत होत नाहीत, कडू पाल्यानं पोट साफ राहतं, मग जनावरांच्या डॉक्टरला जंगलात काम काय? बेशुद्धीची बंदूक चालवायची, एवढंच.

हे खरं नाही. वाघाच्या पोटात गोलकृमी सर्रास सापडतात. जंतांसारखे, दुसऱ्याच्या शरीरावर जगणारे परजीवी अभ्यासणाऱ्याचं बरंचसं काम विष्ठेवरच चालतं. ती मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळायची, वर काच ठेवायची. हलकी अंडी तरंगून काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीचं गोल, जाड, खड्ड्याखड्ड्यांच्या कवचाचं अंडं दिसतं. ते पाहण्यासाठी वाघाला हात लावावा लागत नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

हे काम करायचं तर वाट लांब आहे: साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी, मग परजीवीशास्त्रात पदव्युत्तर. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासून आहे. पोरांनो, जवळच आहे.